‘मग केलं कोणी?’

बदलापूरच्या शाळेतल्या दोन मुलींवरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. तळोजा तुरुंगातून त्याला दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी नेत होते. वाटेत त्यानं पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून आम्हालाही गोळी चालवावी लागली, असं पोलिसांनी सांगितलं. त्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले, पुढे मुंबईत लागलेल्या ‘बदला पुरा’ अशा फलकांचेही आले. डोंबिवलीच्या मावशीनं लिहिलं, “एका तरी पोरीला वेळेत न्याय मिळाला.”

तीनच दिवसांनी, २६ सप्टेंबरला, मी राहते त्या जपानच्या शिझुओका प्रांतातल्या जिल्हा न्यायालयानं इवाओ हाकामादा नावाच्या ८८ वर्षांच्या माणसाला चार खुनांच्या आरोपातून निर्दोष सोडलं. खून १९६६ सालचे. फाशीची शिक्षा १९६८ सालची. त्यानं गुन्हा कबूलही केला होता. त्याच्याही वेळी लोकांनी, वर्तमानपत्रांनी आणि पोलिसांनी ‘सापडला एकदाचा’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला होता.

या दोन बातम्या एकाच आठवड्यात वाचल्यापासून माझा मावशीशी वाद चालू आहे.

मावशीची जपानवर फार श्रद्धा. गाड्या वेळेवर, रस्ते स्वच्छ आणि “तुमच्याकडे म्हणे ९९ टक्के गुन्हेगारांना शिक्षा होते, आमच्याकडे नुसत्या तारखा पडतात.” आकडा खरा आहे, फक्त तो गुन्हेगारांचा नाही. खटला उभा राहिलेल्या आरोपींपैकी ९९ टक्क्यांहून जास्त लोकांना इथे दोषी ठरवलं जातं. मी हामामात्सूत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एखादा गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, प्रत्येक भाग ‘ओके’ दाखवायला लागला तर आम्ही टाळ्या वाजवत नाही, आधी गेज तपासायला पाठवतो. इथल्या सरकारी वकिलांच्या बाजूनं बोलायचं तर जिथे पुरावा कच्चा वाटतो तिथे ते खटलाच भरत नाहीत, त्यामुळे आकडा फुगतो. पण आकड्यामागचं दुसरं कारण म्हणजे कबुलीजबाब. आरोपीच्या सहीचा कागद हाती आला की इथली सगळी यंत्रणा निर्धास्त होते.

हाकामादा प्रकरण थोडं तपशिलानं सांगते, कारण ‘निर्दोष माणूस खून कशाला कबूल करेल?’ या प्रश्नाचं इतकं सविस्तर उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळेल.

३० जून १९६६ च्या पहाटे शिझुओकातल्याच शिमिझूमध्ये मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, बनवणाऱ्या एका कंपनीच्या संचालकाचं घर जळालं. आत तो, त्याची बायको आणि दोन मुलं मेलेली सापडली. चौघांच्याही अंगावर भोसकल्याच्या जखमा होत्या. घर आणि कारखाना यांच्यामध्ये फक्त रेल्वेचे रूळ. हाकामादा कारखान्यातच राहणारा कामगार, तीस वर्षांचा, घटस्फोटित, आधी व्यावसायिक मुष्टियुद्ध खेळलेला. चौघांना एकट्यानं मारायचं तर असाच गडी हवा, हा पोलिसांचा तर्क. अटकेच्या आधीच वर्तमानपत्रांत ‘एच नावाचा कामगार’ झळकायला लागला. १८ ऑगस्टला अटक झाली.

जपानमध्ये आरोपपत्राआधी पोलीस एखाद्याला २३ दिवसांपर्यंत आपल्याच कोठडीत ठेवू शकतात. तेव्हाही ठेवत, आजही ठेवतात. चौकशीच्या वेळी वकील शेजारी बसत नाही. हाकामादाची चौकशी रोज बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त चालली, आणि तीही ऑगस्टच्या उकाड्यात. फेरखटल्यासाठीच्या लढाईत कित्येक दशकांनी पोलिसांकडच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. लघवीला जाऊ द्या म्हणणाऱ्या माणसाला बाहेर न सोडता चौकशीच्या खोलीतच भांडं आणून दिल्याचं त्यांत ऐकू येतं. विसाव्या दिवशी, ६ सप्टेंबरला, त्यानं ‘मीच केलं’ म्हटलं. न्यायालयात उभा राहिल्यावर लगेच नाकारलं, पण तोवर वर्तमानपत्रांनी निकाल लावून टाकला होता.

त्याच्याकडून एकूण ४५ जबाब लिहून घेतले होते. जिल्हा न्यायालयानं त्यातले ४४ बाद केले, त्यातले बहुतेक दबावाखाली घेतलेले म्हणून. उरलेला एक ग्राह्य धरला आणि फाशीची शिक्षा सुनावली. जो माणूस इतक्या वेळा दडपणाखाली बोलला, तो त्या एकाच वेळी मोकळ्या मनानं बोलला, असं तीन न्यायाधीशांचं कोर्ट लेखी म्हणतं. खरं तर तिघांचं नाही, दोघांचं. तिसरे न्यायाधीश नोरिमिची कुमामोतो यांना हा माणूस निर्दोष वाटत होता. मत दोन विरुद्ध एक पडलं आणि फाशीचं निकालपत्र लिहायचं काम नेमकं त्यांच्याच वाट्याला आलं. काही महिन्यांत त्यांनी न्यायाधीशपद सोडलं. ते उघडपणे बोलले २००७ साली.

आता कपड्यांची गोष्ट. कबुलीजबाबात हाकामादा म्हणतो, खून करताना मी पायजमा घातला होता. पोलिसांच्या हाती तेव्हा पायजमाच होता, म्हणून कबुलीतही पायजमा. मग ऑगस्ट १९६७ मध्ये, खुनानंतर तब्बल चौदा महिन्यांनी, कारखान्याच्या मिसोच्या टाकीत रक्ताळलेले पाच कपडे सापडले. सरकारी पक्षानं पायजमा सोडून दिला आणि हेच खुनाच्या वेळचे कपडे म्हणून सांगितलं. कबुली मात्र तशीच राहिली. पुढे अपिलात त्याला ती पँट घालायला लावली, तर ती मांड्यांवरच अडकली. सरकारी पक्ष म्हणाला, आरोपी जाड झाला आणि पँट मिसोत आटली. पँटच्या चिठ्ठीवर ‘बी’ अक्षर होतं, ते मोठ्या मापाचं म्हणून सांगितलं गेलं. ते रंगाचं चिन्ह होतं, माप नव्हतं, आणि हे सांगणारा कारखानदाराचा जबाब सरकारी पक्षाकडेच पडून होता. शेवटी सगळं येऊन थांबलं रक्ताच्या रंगावर. वर्षभर मिसोत मुरलेलं रक्त काळपट तपकिरी होतं, आणि टाकीतून निघालेल्या कपड्यांवरचे डाग तर लालसर होते. मिसो आता माझ्या स्वयंपाकघरात रोजचा आहे. त्याच्या रंगाकडे पाहून शाळकरी पोरही हे सांगेल. न्यायव्यवस्थेला ते मान्य करायला अर्धं शतक लागलं.

२०२४ च्या निकालानं नुसतं ‘संशयाचा फायदा’ म्हणून सोडलं नाही. कपडे, त्याच्या आईवडिलांच्या घरी सापडलेला म्हणून दाखवलेला पँटचा तुकडा आणि तो एकमेव उरलेला कबुलीजबाब, या तिन्ही गोष्टी तपास करणाऱ्यांनी बनवलेल्या होत्या असं स्पष्ट म्हटलं. न्यायाधीशांनी उशिराबद्दल हाकामादाच्या थोरल्या बहिणीची, ९१ वर्षांच्या हिदेको यांची, कोर्टातच माफी मागितली. पोलीसप्रमुखांनी घरी जाऊन वाकून माफी मागितली. मायनिचीसारख्या दैनिकानं आपल्या १९६६ च्या बातम्यांबद्दल माफी छापली. देशाच्या सर्वोच्च सरकारी वकिलांनी मात्र ‘अपील करणार नाही, पण पुरावा बनावट होता हे मान्य नाही’ अशा थाटाचं निवेदन काढलं. पुढे मार्च २०२५ मध्ये भरपाई मंजूर झाली, २१ कोटी ७० लाख येन. हाकामादा स्वतः निकाल ऐकायला आलेच नव्हते. इथे फाशी त्याच दिवशी सकाळी सांगतात. आज माझी पाळी का, असं म्हणत कित्येक दशकं रोज उठलेल्या माणसाचं मन जाग्यावर राहत नाही. २०१४ साली सुटल्यावर ते याच हामामात्सूच्या रस्त्यांवरून तासन्‌तास चालत असत.

मावशीचं यावर म्हणणं, “ते १९६६ होतं गं.” बरं, मग १९९० घेऊ. तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहरात चार वर्षांच्या मुलीचा खून झाला. पुढच्या वर्षी बालवाडीची बस चालवणारे तोशिकाझू सुगाया पकडले गेले. डीएनए जुळल्याचं पोलिसांनी त्यांना सांगितलं आणि एका दिवसाच्या चौकशीत ते मोडले. पुढे कोर्टातही त्यांनी सुरुवातीला गुन्हा कबूलच केला होता. तेव्हाचं डीएनए तंत्र कच्चं होतं. नव्यानं तपासणी झाली तेव्हा डीएनए जुळलाच नाही, आणि साडेसतरा वर्षांनी, २००९ मध्ये, ते बाहेर आले. तोवर त्या खुनाचा खटला भरायची पंधरा वर्षांची मुदत उलटून गेली होती. खरा मारेकरी उद्या पोलीस ठाण्यात येऊन बसला असता, तरी त्याच्यावर खटला भरता आला नसता.

बालवाडीच्या बसचा चालक म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकांना गुरुग्राम आठवेल. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या एका मोठ्या शाळेच्या स्वच्छतागृहात लहान मुलाचा गळा चिरलेला सापडला. काही तासांत बसचा कंडक्टर पकडला गेला आणि त्यानं चक्क टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे गुन्हा कबूल केला. स्थानिक वकिलांनी त्याचं वकीलपत्र घ्यायला नकार दिला. सगळ्या देशानं ती कबुली पाहिली, मीही पाहिली. दोन महिन्यांनी सीबीआयनं सांगितलं की कंडक्टरविरुद्ध काही सापडत नाही आणि त्याच शाळेतल्या एका मोठ्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. २०१८ च्या फेब्रुवारीत कंडक्टर आरोपातून मुक्त झाला. ही दुसरी बातमी आमच्या ग्रुपवर आली नाही.

गंमत अशी की आपला कायदा या बाबतीत जपानपेक्षा फार शहाणा आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २३ व्या कलमात गेलं, पण राहिलं. त्यातून वाट आहे ती एवढीच, की आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून तर आपल्याकडे हत्यार नेहमी आरोपीच ‘काढून देतो’ आणि पंच तेच ते असतात. तरी मूळ तत्त्व भक्कम आहे. ते इंग्रजांनी उदारपणे दिलेलं नाही. १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी झाली, तिच्या अहवालात महसूल आणि पोलीस खात्यातली माणसं काय काय करतात याच्या अंगावर काटा आणणाऱ्या हकिकती होत्या. पुरावा कायदा लिहिणारे स्टीफन यांना इथल्या एका मुलकी अधिकाऱ्यानं कारणही सांगून ठेवलं होतं. पुरावा शोधत उन्हात हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं सोपं जातं, अशा अर्थाचं. दीडशे वर्षांत यातलं किती बदललं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मावशीसारख्या लोकांना हे कलम म्हणजे गुन्हेगारांसाठी ठेवलेलं चोरदार वाटतं. “त्यानं स्वतः सांगितलंय, तरी कोर्ट ऐकत नाही!” आणि आपली वर्तमानपत्रं त्यात भर घालतात. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’, हे वाक्य वाचत मी चिंचवडला लहानाची मोठी झाले. घरात ते मोठ्यानं वाचलं जायचं आणि वडील म्हणायचे, असंच पाहिजे. खाक्या म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत. तरी त्या खाक्यातून निघालेली कबुली खरीच असणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. कोर्टानं जी कबुली दाराबाहेर ठेवली, ती आपण घरात पाट मांडून बसवतो.

आणि कायद्यानंही एक मागचं दार उघडून ठेवलंय. १९९९ च्या मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्यात, पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली पुरावा म्हणून चालते. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. त्या खटल्यात अशाच कबुल्या होत्या. २०१५ साली विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष सोडलं. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांत मजकूर सारखाच, जणू एकावरून दुसरी उतरवलेली, आणि छळ झाल्याच्या तक्रारीला वैद्यकीय नोंदींचा दुजोरा, अशी न्यायालयाची कारणं. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे तीन दिवसांत, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश झाला, सुटलेल्यांना मात्र परत आत टाकलं नाही. त्यामुळे ‘ते निर्दोषच’ असा अंतिम शब्द मी इथे टाकत नाही.

पण त्या दिवशी घरून आलेला प्रश्न एकच होता, “मग स्फोट केले कोणी?” ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली त्यांनी हा प्रश्न विचारला तर त्यापुढे कोणाचीही मान खाली जाईल. मला खटकतं ते एवढंच की आपण तो चुकीच्या खिडकीवर विचारतो. सोडणाऱ्या न्यायाधीशांना विचारतो. ज्यांनी कबुल्यांचे कागद भरले, फाइल मिटवली आणि पुढे शोधायचं थांबवलं, त्यांना कोणी विचारत नाही. शिमिझूच्या त्या घरातल्या चौघांना कोणी मारलं, हे आज जपानमध्ये कोणालाही माहीत नाही. पोलिसांनी ते ६ सप्टेंबर १९६६ लाच शोधायचं सोडलं होतं.

मावशीनं मला सुनावलं तेही सांगायला हवं. “तू तिकडे बसून माणुसकीच्या गोष्टी करतेस. तुझी मुलगी एकटी चालत शाळेत जाते. माझ्या नातीला बदलापूरला शाळेत घालायचं आहे.” हे खरं आहे आणि ते मला लागलं. इथे पहिलीतली पोरं पिवळ्या टोप्या घालून आपली आपण शाळेत जातात. त्या सुरक्षिततेत राहून दुसऱ्याच्या रागाला नावं ठेवणं सोपं असतं. बदलापूरच्या लोकांचा राग साधार होता. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना तासन्‌तास ताटकळत ठेवलं गेलं, त्यावर उच्च न्यायालयानंही कडक शब्दांत बोट ठेवलं. म्हणूनच लोक २० ऑगस्टला रुळांवर उतरले होते. पण महिन्याभरात त्या रागाचं काय झालं पाहा. तक्रार उशिरा का घेतली, शाळेच्या व्यवस्थापनानं काय केलं, हे प्रश्न गाडीतल्या एका गोळीनं मागे पडले आणि ज्या खात्यावर लोक चिडले होते, त्याच खात्याच्या नावानं पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्या आरोपीनं तो गुन्हा केला होताच, असंही असेल. पण पुरावा मांडून, उलटतपासणी होऊन, ‘यानंच केलं’ असं कोर्टानं म्हणण्याचा त्या दोन मुलींचा हक्कही त्या गाडीतच संपला.

मग जपानी लोक तरी हाकामादानंतर शहाणे झाले का? फारसे नाहीत. निकालाच्या पाठोपाठच सरकारनं मृत्युदंडावर जनमत घेतलं, त्यात ८३ टक्क्यांहून जास्त लोकांना तो अपरिहार्य वाटला. आधीच्या, २०१९ च्या पाहणीपेक्षा दोनेक टक्के जास्तच. माझ्या विभागातल्या एका वयस्क सहकाऱ्याशी जेवणाच्या सुट्टीत बोलणं झालं. हाकामादा-सानचं फार वाईट झालं, असं तो मनापासून म्हणाला. मग म्हणाला, पण तो अपवाद. १९८० च्या दशकातच इथले चार फाशीचे कैदी फेरखटल्यात निर्दोष सुटले होते, हे मी सांगितलं, तर त्याला त्यातलं एकही नाव आठवेना. नाशिकचे सहा जण आपल्याकडे किती जणांना आठवतात? भटक्या जमातीतली गरीब माणसं, २००३ च्या खून-बलात्काराच्या खटल्यात फाशीपर्यंत गेलेली. २००९ मध्ये तर त्यांच्यातल्या तिघांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानंच फाशीत बदलली होती. त्याच न्यायालयानं २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि पाच-पाच लाख भरपाई द्यायला लावली. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून भलतीच चार माणसं ओळखली होती, ती बाजूलाच राहिली.

माझी मागणी मोठी नाही. चौकशीच्या खोलीत कॅमेरा आणि त्यात आवाज. जपाननं २०१९ पासून चौकशीचं संपूर्ण चित्रण सक्तीचं केलं, पण ते खुनासारख्या मोजक्याच गुन्ह्यांसाठी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडी आणि व्हरांड्यासकट, आवाज टिपणारे कॅमेरे लावायला सांगितलं. कागदावर आपण पुन्हा जपानच्या पुढे. प्रत्यक्षात ते बंद पडलेले असतात, म्हणून २०२५ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाला वर्तमानपत्रातली कोठडीमृत्यूंची बातमी वाचून स्वतःहून पुन्हा लक्ष घालावं लागलं.

हे मी ग्रुपवर लिहिलं तर मावशी म्हणाली, आरोपीचे लाड करायला कॅमेरे कशाला? मी लिहिलं, त्या दोन मुलींचे आईवडील ठाण्यात किती वाजता आले, कोणी किती वेळ बसवून ठेवलं आणि कोण काय बोललं, हेही त्याच कॅमेऱ्यात दिसलं असतं. दहा मिनिटांनी उत्तर आलं, “हे आधी सांगायचं ना.”